बाबांचे हात पलीकडच्या नेटवर्कवर

प्रिय टिटवे,

पाकीट बघून घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते: बाबा ठणठणीत आहेत, मी ठणठणीत आहे आणि घरही जागच्या जागी आहे. रोज दोन ओळींचा मेसेज टाकणाऱ्या ताईला एकदम कागद-पेन कुठून आठवलं, असं तुझ्या मनात आलंच असेल. त्याला कारण आहे, पण ते शेवटी. शेवटचं पान आधी वाचायची तुझी खोड मला चांगली माहीत आहे. या खेपेला तेवढी कृपा कर आणि क्रमाने वाच. वेधशाळेत वारा मोजण्याखेरीज तुला दुसरं काम तरी काय असतं?

आधी माझ्या नोकरीबद्दल, कारण तिची तू कायम टिंगल करतेस. फोटो इकडून तिकडे पाठवायला इंजिनीअर कशाला लागतो, असं मागे विचारलं होतंस. बाई माझे, इकडून इकडे पाठवायला नाहीच लागत. आमच्या कंपनीच्या फोनवरून आमच्याच कंपनीच्या फोनवर फोटो, गाणं, छोटीशी फिल्म, सगळं कधीपासून बिनबोभाट जातंय. घोडं अडतं ते पलीकडच्या कंपनीच्या फोनवर पाठवताना. बोलणं पोचतं, लिहिलेलं पोचतं, चित्र मात्र मधेच गायब. दोन्ही कंपन्यांची यंत्रं वेगळी, ती बनवणारे वेगळे, आणि प्रत्येकाला आपलीच रीत शहाणपणाची वाटते. त्या यंत्रांची गाठ घालून द्यायची, हे माझं काम.

आणि तुझ्या डोंगरावर टॉवर आहे तो नेमका पलीकडच्या कंपनीचा. आमच्या कंपनीचं नावनिशाणही तिथे नाही, इंटरनेट तर दूरच. म्हणून साहेबांनी जेव्हा विचारलं, की ही जोडाजोडी कोण अंगावर घेतंय, तेव्हा सगळे टेबलाखाली बघत असताना मी हात वर केला. हिला बढती हवी आहे, अशी कुजबुज झाली. होऊ दे. बढती मिळाली तर काही मी नको म्हणणार नाही, पण त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे फक्त बाबांचे हात होते. ते तुला दिसायचे असतील तर त्या दोन यंत्रांमधूनच वाट काढायला हवी होती.

बाबांबद्दल तुला काय नवीन सांगायचं? पण तू गेल्यानंतर संध्याकाळी आमचं काय चालतं ते तू पाहिलेलं नाहीस. सुतारकामाच्या शेडवरून ते येतात, हातापायाचा भुसा धुतात, माझ्या समोर बसतात आणि टेबलावर बोटं वाजवतात. मग भुवया वर, आणि ओठांपाशी बोटांची ती चिवचिव: टिटवी काय म्हणते? मी तुझा मेसेज वाचते आणि हातांनी त्यांना सांगते. ऐकू न येणाऱ्या मुलाला त्यांच्या लहानपणी कुठल्या शाळेने घेतलं नाही, त्यामुळे मापाचे आकडे सोडले तर कागदावरचं काही त्यांना लागत नाही. तुझा मेसेज आला की आधी तो माझ्याकडे येणार, मग माझ्या हातांतून त्यांच्याकडे. आई होती तेव्हा हे काम तिचं होतं, आता माझं आहे.

उलट दिशेने तर आणखी पंचाईत. परवाच त्यांनी तुला थंडीबद्दल विचारलं. खांदे आखडून घेतले, दात वाजवले, मग तू लहानपणी पांघरुणाचं गाठोडं करून त्यात नाकापर्यंत बुडायचीस त्याची हुबेहूब नक्कल केली, मग स्वतःच हसले, आणि शेवटी ते अर्धं बोट छातीवर टेकवून तसेच बसून राहिले. करवतीने खाल्लेलं ते बोट नेहमीच्या खुणांमध्ये असं काही मिसळतं, की त्यांचं बोलणं जगात तुला, मला आणि होती तोवर आईलाच काय ते कळावं. मी हे सगळं पाहिलं आणि फोनवर लिहिलं: बाबा विचारतात थंडी आहे का, जप. तू लिहिलंस: हो, ठीक आहे. मला त्या क्षणी फोन भिंतीवर फेकावासा वाटला. एवढा मोठा ताटभर वाढलेला जेवणाचा पसारा, आणि मी तुझ्यापर्यंत चमचाभर नेते.

तर काम सुरू झालं. पलीकडच्या कंपनीतून माझ्या जोडीला जे गृहस्थ दिले, त्यांचं नाव आमच्या खोलीत सगळ्यांनी 'होतंय' ठेवलं आहे. फोनवर काहीही विचारा, ते म्हणणार, होतंय, होतंय. चाचणी सुरू झाली का? होतंय. यंत्र बंद पडलं का? होतंय. लगेच भुवया उंचावू नकोस. त्यांना नातवंडं आहेत आणि त्यांच्या तापखोकल्याची बातमी मला रोज मिळते. महिनोन्‌महिने आम्ही एकमेकांना पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या खोलीतला पंखा कुरकुरतो हे मला माहीत होतं आणि माझा साहेब दार आपटतो हे त्यांना.

पहिला फोटो पाठवायची वेळ आली तेव्हा फुलांचा, सूर्यास्ताचा असा काही शोभेचा फोटो घ्यावा की नाही? आमच्या खोलीतलं गार हवेचं यंत्र गळतं, त्याच्याखाली एक निळी बादली ठेवलेली असते. घाईत मी तिचाच काढला. ती बादली पलीकडे पोचेपर्यंत आमच्या नाकी नऊ आले. एकदा तिच्या जागी नुसती अक्षरांची आणि आकड्यांची खिचडी पोचली. एकदा बादलीचा वरचा काठ तेवढा पोचला. एकदा ती पोचली, पण पोचल्याची पावती आमच्या यंत्राला काही मिळेना. म्हणून ते इमानदारीने पुन्हा पुन्हा पाठवत राहिलं, आणि होतंय यांचा बिचारा फोन बादल्यांनी भरून गेला. शेवटी एका दुपारी त्यांनी फोन केला आणि होतंय म्हणायच्या ऐवजी म्हणाले, झालं. आमची अख्खी खोली टाळ्या पिटत होती. बादलीसाठी एवढ्या टाळ्या कोणी वाजवल्या नसतील.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन बाबांना सांगितलं, की आता चित्र त्या दुसऱ्या कंपनीच्या फोनवर जातं, हलतं चित्रही लवकरच जाईल. त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला आणि एवढंच विचारलं: मी तिला दिसेन? मी हो म्हटलं. मग त्यांनी दुसरा प्रश्न केला आणि तो मला अपेक्षित नव्हता. ती बघेल?

तू गेलीस त्या सकाळबद्दल आपण कधी बोललो नाही. तुझ्या बाजूने मी समजू शकते. एवढी मनासारखी नोकरी मिळालेली, आणि बाबा दारात उभे, जाऊ नको म्हणून. तू म्हणालीस, मी फोन करीन. त्यांनी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. तू म्हणालीस, मेसेज करीन. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या कुणाचा बाप लेक लांब गेली की आवाजावर दिवस काढतो. आपल्या बाबांना माणूस नजरेआड झालं की ते बोलण्यातूनही गेलं. हे त्यांना नीट सांगता आलं नाही, ते नुसते संतापले. तूही संतापलीस, कारण तुला वाटलं त्यांना तुझ्या कामाची किंमत नाही. तू जोरजोरात हात हलवून समजावत राहिलीस आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. आपल्या घरात डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार आपटणं, हे आपण दोघी कळत्या झाल्यापासून जाणतो. मिटलेल्या डोळ्यांपुढे तू हात हलवत राहिलीस, आणि मग बॅग उचललीस.

पुढचं तू पाहिलं नाहीस, कारण तू पाठमोरी होतीस. त्यांनी डोळे उघडले, तू दिसली नाहीस, तसे ते अनवाणी रस्त्यावर धावले. तू कोपऱ्यावर गाडीत बॅग टाकत होतीस. तुझी पाठ त्यांच्याकडे होती, आणि पाठमोऱ्या माणसाला हाक मारणं त्यांना जमत नाही. त्यांनी दोन्ही हात वर करून हलवले. गाडी सुटली तरी हलवत होते. हे मी तुला मेसेजमध्ये कसं लिहिणार होते? तेव्हापासून तू मला विचारतेस, बाबा कसे आहेत, आणि ते मला विचारतात, ती कशी आहे. रजा मिळत नाही म्हणतेस. तू चार दिवस खाली आलीस तर वारा काय वाहायचा थांबणार आहे?

असो. हलत्या चित्राकडे येते. चाचणीसाठी आम्ही ज्या छोट्या फिल्म पाठवल्या त्यात आमची स्वागतिका नमस्कार म्हणून दोन वाक्यं बोलते. इकडून गेली, तिकडे पोचली, आवाज स्वच्छ, सगळे खूश. मग एका रविवारी मी पलीकडच्या कंपनीचा चाचणीचा फोन घरी आणला. बाबांना अंगणात उभं केलं, काहीही बोला म्हटलं, आणि पाठवून दिलं. दुसऱ्या फोनवर फिल्म आली. उघडून पाहते तर हात एका जागेवरून गायब होऊन दुसऱ्या जागी उगवतायत. मधली हालचालच नाही. जन्मापासून ज्या हातांचं बोलणं मी वाचत आले, ते मला वाचता येईना. टेबल, मग खिडकी, मग काहीतरी मासा, असं काहीच्या बाही. बाबांनी वाकून पाहिलं, आणि मला खूण केली: रंधा मारलाय. माझे हात तासून पाठवलेत तुम्ही लोकांनी.

कारण सापडायला वेळ लागला नाही. दोन यंत्रांच्या मधून जायचं तर फिल्म लहान करावी लागते. लहान करताना आवाज जपायचा आणि चित्रातले मधले मधले तुकडे गाळायचे, अशी आमची रीत. बोलणारी बाई असेल तर ते चालून जातं. बाबांच्या फिल्ममध्ये आवाज कसला, तर शेजारच्या शेडमधली लाकूड कापायची करवत. तो करवतीचा आवाज यंत्राने जिवापाड सांभाळून पोचवला होता आणि त्याला जागा करून देण्यासाठी बाबांचं बोलणं टाकून दिलं होतं. मला हसू आलं आणि मग रडू आलं, त्याच क्रमाने.

उपाय सोपा वाटला. फोनमध्ये आवाज बंद ठेवून फिल्म काढता येते. सगळी जागा चित्राला. काढली, आणि आमच्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनवर पाठवून पाहिली. हात सलग, स्वच्छ, अर्धं बोटसुद्धा दिसतंय. मग पलीकडे पाठवली, तर तिथून उत्तर: फाइल सदोष आहे, स्वीकारता येत नाही. मी डोक्याला हात लावला. सुरुवातीच्या चाचण्यांत काही फिल्म वाटेत आवाज गमावून बसायच्या, तेव्हा दोन्ही कंपन्यांनी बसून नियम केला होता, की ज्या फिल्मला आवाज नाही ती बिघडलेली समजावी आणि तिथेच थांबवावी. त्या बैठकीला मी होते. मी मान डोलावली होती. बाबांची मुलगी मी, आणि ज्यात आवाज नाही ते बिघडलेलं, हे वाक्य मला एकदाही खटकलं नाही. दोन कंपन्यांतल्या इतक्या हुशार माणसांपैकी एकालाही सुचलं नाही की आवाजाशिवायही कोणी बोलत असेल, आणि त्या हुशारांत तुझी ताई पहिल्या रांगेत.

सोमवारी बैठक होती. सेवा लोकांसाठी खुली करायचा दिवस ठरलेला, नियमांवर शेवटचं शिक्कामोर्तब झालेलं. मी म्हटलं, हा एक नियम काढा. साहेब म्हणाले, आता? आणि किती जणांसाठी? आवाज बंद करून फिल्म पाठवणारा माणूस असतो तरी कोण? इतकी वर्षं त्या खोलीत काम करते, पण बाबांना ऐकू येत नाही हे मी तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असं नाही. सांगितलं की लोक चेहरा पाडतात आणि मला त्या चेहऱ्यांचा कंटाळा आहे. त्या दिवशी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर उठून उभी राहिले, आणि ती थंडीची गोष्ट, पांघरुणाच्या गाठोड्यासकट, बाबा करतात तशी हातांनी करून दाखवली. मग विचारलं, कळलं काय म्हणाले? कुणाला कळलं नाही. मी म्हटलं, माझ्या बहिणीला कळतं. तिच्यापर्यंत हे तुमच्या नियमामुळे जात नाही.

टेबलावरच्या फोनमधून होतंय ऐकत होते. दिसत तर त्यांना काहीच नव्हतं. आता ते होतंय म्हणतील आणि विषय मिटेल, अशी मला धास्ती. ते म्हणाले, असं नाही चालायचं. पुढे म्हणाले, आमच्या बाजूचा नियम मी आजच काढायला लावतो, तुमचे साहेब काय ते ठरवू देत. साहेबांना असं पलीकडच्या कंपनीने मागे टाकलेलं कुठे सोसतंय? त्यांनी दार आपटलं आणि दुपारपर्यंत आमच्याही बाजूचा नियम काढला. त्या आठवड्यात आम्ही आवाज नसलेल्या फिल्मची चाचणी केली. मी स्वतःच हातांनी बोलत होते. होतंय यांनी पाहून फोन केला, मला एक अक्षर कळलं नाही, पण सगळं नीट दिसलं. त्यांच्या तोंडून याहून गोड काही मी ऐकलेलं नाही.

सेवा खुली झाली. बाबांना त्यांचा स्वतःचा फोन घेऊन दिला. ऐकू न येणाऱ्या माणसाला फोन कशाला, असं दुकानदाराच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बाबांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आवाज बंद कसा करायचा, फोन फळीला टेकवून समोर कसं उभं राहायचं, तुझा नंबर कुठे, हे त्यांनी एकदा पाहून घेतलं. पहिल्या फिल्मच्या वेळी मी नेहमीप्रमाणे शेजारी उभी राहिले, कुठे अडलं तर बघावं म्हणून. त्यांनी माझा दंड धरला, मला खोलीबाहेर नेऊन उभं केलं आणि दार लावून घेतलं. मी दाराबाहेर उभी. आतून काही ऐकू येण्याची सोय नाहीच. बऱ्याच वेळाने ते बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते आणि मान ताठ. पाठवलं, एवढंच त्यांनी मला सांगितलं.

आता हे पाकीट कशासाठी ते. बाबांचा निरोप तुझ्या फोनच्या कंपनीच्या यंत्रात येऊन पडलेला आहे. तुझ्या फोनवर प्रश्न आला असेल: या नंबरावरून काही आलंय, घ्यायचं का? हो, नको किंवा नंतर, यांपैकी तू काय दाबलंस ते पाठवणाऱ्याला कळतं. बाबांच्या फोनवर उत्तर आलं तेव्हा त्यांनी तो माझ्यापुढे धरला, आणि तेवढा एक शब्द मला वाचून द्यावा लागला. नंतर. त्यांनी विचारलं, म्हणजे नाही का? मी म्हटलं, नाही म्हणजे वेगळं असतं. तेव्हापासून फोन त्यांच्या छातीच्या खिशात आहे, थरथरला की लगेच कळावं म्हणून. निरोप त्या यंत्रात आठवडाभर राहतो, मग पुसला जातो, म्हणून हे पाकीट कुरिअरने धाडतेय. हे फोन करून सांगता आलं असतं. पण तू विचारलं असतंस, काय ग म्हणाले ते, आणि आपण दोघीच बोलत बसलो असतो. काय म्हणाले ते मला माहीत नाही. तू गेल्यापासून पहिल्यांदाच बाबा तुला काहीतरी म्हणाले आहेत आणि ते मला माहीत नाही, याचा मला किती आनंद झालाय म्हणून सांगू. तू नको दाबलं नाहीस, यावर माझा सगळा भरवसा आहे. आता हो दाब. बघ. मग भांडायचं असेल तर भांड, रडायचं असेल तर रड, पण मला काही कळवू नकोस. फोन कशाला तरी टेकव, आवाज बंद कर, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काय ते त्यांनाच सांग.

मधून बाजूला झालेली, तरी तुझीच,
ताई